मोटारीचा श्वास

आपल्याकडे चौकशी करण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. मुलीला स्थळ आले, की "पगार किती?" असे विचारायचे. भाड्याची जागा पाहायला गेले, की "पाणी किती वेळ येतं?" आणि कोणाच्या दारात नवी मोटार किंवा स्कूटर उभी राहिली, की हातावर ठेवलेला पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न यायचा, "किती देते?" गाडीचा रंग, तिची बांधणी, आत बसायला जागा कशी काय, या गोष्टी मागाहून. आधी एका लिटरला ती किती किलोमीटर देते, ते सांगा!

या 'देते' शब्दाची मला मोठी मौज वाटते. युरोपातल्या लोकांचा हिशेब नेमका उलटा असतो. शंभर किलोमीटर जायला गाडीला किती लिटर पेट्रोल लागते, असे ते विचारतात. म्हणजे त्यांच्या लेखी मोटार हा दारात बांधलेला एक खादाड प्राणी. आपल्या लेखी ती दुभती गाय. पण गाईच्या बाबतीत आपल्या आजी-आजोबांना एक गोष्ट चांगली ठाऊक होती. तिच्या गळ्याला फास आवळून दूध वाढत नाही. मोटारीच्या बाबतीत हे ध्यानात येऊन त्यावर इलाज सापडायला मोठमोठ्या अभियंत्यांनाही शंभराच्या वर वर्षे लागली. आणि आमच्या घराला ही गोष्ट फार उशिरा कळली.

मला ती कळली आमच्या अण्णांच्या वहीमुळे.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. पुण्याला सदाशिव पेठेत आमचा वाडा होता आणि अण्णा सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. हिशेब हा त्यांचा नुसता पोटाचा धंदा नव्हता. तो त्यांचा स्वभाव होता. १९७१ साली त्यांनी एक जुनी चारदारी मोटार घेतली, तेव्हा गाडीच्या आधी घरात वही आली. लाल कापडी बांधणीची, लांबट. तारीख, किलोमीटर, लिटर, दर, ॲव्हरेज आणि शेरा असे सहा रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले. पेट्रोल भरले, की मी खिडकीतून डोके घालून किलोमीटरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि अण्णांनी तो लिहायचा, अशी आमची वाटणी होती. मी तेव्हा शाळकरी होतो आणि या कामाचा मला विलक्षण अभिमान होता.

शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा आहे. "गणपतीची गर्दी, लक्ष्मी रोड, ९.८." "साताऱ्यास लग्न, येताना पाऊस, १४.१." "मंडई, दवाखाना, पुन्हा मंडई, ९.६. विनाकारण." हे 'विनाकारण' आमच्या काकूंना उद्देशून होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

आता ही वही पुढे नीट समजावी, म्हणून मोटार चालते कशी, ते थोडेसे सांगायला हवे. वाचकांनी घाबरू नये. यात बीजगणित नाही.

मोटार पेट्रोलवर चालते, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. ती मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. लिटरचा हिशेब मांडला, तर एका लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ हजार लिटरांहून अधिक हवा आत ओढते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीची खोली घेतली, तर तिच्यातली जवळजवळ एकतृतीयांश हवा झाली! आपण पंपावर मोजून घेतो ते पेट्रोल. हवा फुकट, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अण्णांच्या सहा रकान्यांतही तिला जागा नव्हती.

ही हवा आत जाते ती श्वासासारखी. सिलिंडरमधला दट्ट्या खाली जातो, वरची झडप उघडते, आणि हवा आत शिरते. झडप मिटते, दट्ट्या वर येऊन हवा दाबतो, ठिणगी पडते, जाळ होतो, दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो आणि मग जळालेला धूर बाहेर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा असा श्वास घेतो. एकेका श्वासाला वेळ मिळतो तो सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्यात हवा आत यायची, पेट्रोल तिच्यात मिसळायचे आणि तेही सारखे मिसळायचे. आपण चहात साखर ढवळायला यापेक्षा किती वेळ घेतो, ते पाहा.

पेट्रोल हवेत मिसळायचे काम पूर्वी कार्ब्युरेटर करी. ज्यांच्या घरी एके काळी डासांवर औषध मारायचा हाताचा पंप होता, त्यांना कार्ब्युरेटर वेगळा समजावून सांगायला नको. डब्यातल्या बारीक नळीच्या तोंडावरून वारा जोराने गेला, की तिथला दाब कमी होतो आणि औषध आपोआप वर चढून फवारा होऊन उडते. कार्ब्युरेटरमध्येही हवेची वाट मध्येच चिंचोळी केलेली असते. त्या गळ्यातून हवा धावते आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढून घेते. १८९३ साली हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, हे फवाऱ्याचे तत्त्व मोटारीसाठी साधले. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली फुलांवर पाण्याचा फवारा मारीत होती, ते पाहून त्या दोघा हंगेरियन गृहस्थांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, फुलवालीच्या हातून मोटारीचा जन्म झाला, हे मला आवडते.

याच गळ्यात पुढे एक पातळ चकती बसवलेली असते. तिचे नाव थ्रॉटल. आपण पायाखालचे पॅडल दाबतो तेव्हा पेट्रोलचा नळ सोडतो, अशी बहुतेकांची समजूत असते. पण आपण उघडतो ते हवेचे दार. दार उघडले, की हवा अधिक येते आणि तिच्या मानाने पेट्रोलही येते. पाय उचलला, की दार मिटते. इंग्रजीत 'थ्रॉटल' या शब्दाचा दुसरा अर्थ गळा दाबणे असा आहे. थंडीच्या सकाळी गाडी सुरू करताना ओढायची कळ असे, तिचे नाव चोक. त्याचाही अर्थ घुसमटणे! नावे ठेवणारांनी आपले काम प्रामाणिकपणे केले होते. पण नावांकडे लक्ष कोण देतो?

१९७३ चा ऑक्टोबर आला. पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारे तेल पुढच्या जानेवारीपर्यंत बारा डॉलरच्या घरात गेले. आपल्याकडे पेट्रोलचे भाव असे चढले, की नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. आमच्या वाड्यात निषेध झाला नाही. वहीला मात्र सातवा रकाना जोडला गेला. त्याचे नाव 'बचत'.

अण्णांनी पहिला उपाय केला तो जेटचा. चौकातल्या मेस्त्रींकडून त्यांनी कार्ब्युरेटरचे जेट काढून बारीक छिद्राचे बसवून घेतले. "साहेब, गाडी ओढायची नाही हां," असे मेस्त्री म्हणाले होते. "ओढायला ती काय बैल आहे?" असे अण्णांनी उत्तर दिले. दोन महिने ॲव्हरेज थोडे चढलेही. मग चढावर गाडी खोकू लागली, इंजिन तापू लागले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एक व्हॉल्व्ह जळाला. हेड उतरवून दुरुस्ती करावी लागली. त्या बिलाची नोंद वहीत आहे, पण 'बचत' या रकान्यात ती वजा केलेली नाही. हिशेबनीस माणसाने हे कसे केले, याचे मला आजही नवल वाटते.

दुसरा उपाय घरी चालून आला. एक टापटिपीचा विक्रेता बॅग घेऊन आला आणि त्याने ओसरीवर एक पत्र्याची चकती मांडली. तिला आतून पंख्यासारखी पाती होती. ती कार्ब्युरेटरखाली बसवायची. हवा गरगर फिरत आत जाईल, पेट्रोल छान मिसळेल आणि शंभरात वीस लिटर वाचतील, असे त्याचे म्हणणे. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. विक्रेता गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या शेगडीचं तोंड राखेनं बुजलं, की ती धुमसते. मग वर कितीही विंझणा हलवा, आधी तोंड मोकळं करावं लागतं." अण्णांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. चकती बसली. वहीतले आकडे पूर्वी होते तेच राहिले.

अशा चकत्यांना आणि नळ्यांना जगात तोटा नाही. कॅनडातल्या विनिपेगचा चार्ल्स नेल्सन पोग याने १९३० च्या दशकात एका कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले आणि गॅलनला दोनशे मैलांच्या गोष्टी वर्तमानपत्रांत झळकल्या. तेलकंपन्यांनी तो शोध दडपला, असे अजून सांगितले जाते. पण साधा हिशेब मांडला, तर पेट्रोलमधली बहुतेक सगळी उष्णता कामी लागल्याशिवाय तसल्या जड मोटारीला एवढी मजल मारता येणार नाही. आणि उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला हे निसर्गनियमानेच शक्य नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक साधने तपासली. थोड्यांचा किंचित उपयोग दिसला. बहुतेकांचा काहीच नाही. तरी लोक घेतात. काटकसरी माणसाला फसवायला बचतीसारखे दुसरे आमिष नाही.

तिसरा उपाय सर्वांत सोपा होता. गाडी बाहेर काढायची नाही.

काकूंचे माहेर चिपळूणजवळ. त्यांच्या आई तिकडे एकट्या असत. त्यांना सगळे माई म्हणत. १९७४ च्या मे महिन्यात गाडी घेऊन कोकणात उतरायचे, आंबे खायचे आणि माईंना पुण्याला घेऊन यायचे, असे ठरले होते. माईंचे गुडघे गेले होते. एस.टी.च्या पायऱ्या चढणे त्यांना शक्य नव्हते, आणि घाटात त्यांना एस.टी. लागत असे. मोटारीशिवाय त्यांना आणणे होणार नव्हते. जाऊन येऊन पाचशे किलोमीटर धरा. अण्णांनी आकडा मांडला: चौदाच्या ॲव्हरेजने छत्तीस लिटर. मग म्हणाले, "या साली राहू दे. गाडीचं ॲव्हरेज जरा सुधारू दे, पुढच्या वर्षी आणू." काकूंनी वाद घातला नाही. वाद घालण्याची त्यांची रीतच नव्हती.

त्या पावसाळ्यात माई गेल्या. काकू एस.टी.ने एकट्या गेल्या आणि तेराव्यानंतर परत आल्या. वहीत मे महिन्याच्या पानावर 'बचत' या रकान्यात अण्णांच्या सुबक अक्षरात "३६ लि." असे लिहिलेले आहे. पावसाळ्याच्या पानांवर काही नाही. पुढे काकू त्या गाडीत बसल्या नाहीत असे नाही. मात्र त्या नेहमी मागच्या सीटवर बसत. आणि 'विनाकारण' हा शेरा त्यानंतर वहीत कुठेही आढळत नाही.

अण्णा आणि काकू दोघेही गेले, गाडी मोडीत गेली, वाड्याच्या जागी इमारत झाली. वही माझ्याकडे आली आणि कपाटात पडून राहिली. ती बाहेर काढली माझ्या पुतणीने. ती पुण्यातच एका इंजिनांच्या कारखान्यात अभियंता आहे, आणि तिचे काम ऐकून मी चाटच पडलो. हवा सिलिंडरमध्ये ज्या वाटेने शिरते, त्या वाटेचा आकार ठरवणे! दिवसभर ती एका मेजावर सिलिंडरचे हेड ठेवते, खालून पंपाने हवा ओढते, आणि आत एक चिमुकले पात्यांचे चाक किती वेगाने फिरते ते मोजते. वाटेचे वळण एखाद्या मिलिमीटरने इकडचे तिकडे झाले, तरी चाकाचा वेग बदलतो. एवढ्यासाठी पगार देतात, हे अण्णांना सांगितले असते तर त्यांनी कंपनीला पत्रच लिहिले असते.

तिने वही दोन रात्री वाचली आणि मला म्हणाली, "काका, अण्णाआजोबांनी नकळत मोठा प्रयोगच करून ठेवलाय. हे बघा. हळूहळू, जपून, पेठेत चालवली की नऊ-दहा. साताऱ्याला सरळ नेली की चौदा. त्यांना वाटायचं, जेवढा पाय आखडता तेवढी बचत. पण वही उलटं सांगतेय."

मी म्हटले, "गावात गर्दी असते, थांबावं लागतं."

"ते तर आहेच. सिग्नलला उभ्या गाडीतही पेट्रोल जळतं, ब्रेक मारला की मिळवलेला वेग फुकट जातो. पण आणखी एक गोष्ट आहे." तिने घरातली औषधाची रिकामी सिरिंज आणली, टोकावर बोट जवळजवळ दाबून धरले, आणि म्हणाली, "ओढा दट्ट्या."

ओढला. हाताला चांगलाच जोर लागला. बोटाच्या फटीतून हवा सूं सूं करीत आत येत होती.

"आता बोट काढून ओढा."

दट्ट्या अलगद आला.

"पेठेतल्या गाडीचं इंजिन दिवसभर हेच करत असतं. ताकद थोडीच हवी, म्हणून आपण हवेचं दार जवळजवळ मिटतो. दट्ट्याला मात्र खाली यावंच लागतं. तो त्या फटीतून श्वास ओढतो, आणि तो ओढण्यातच पेट्रोल खर्च होतं. गाडी नुसती उभी राहून सुरू असली, तर नळीच्या आतला दाब बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यावर उतरलेला असतो. डिझेलच्या इंजिनाला आपल्या लोकांनी काटकसरी म्हणून नावाजलं, त्याचं एक कारण हेच. जुन्या डिझेलला हे दारच नव्हतं. त्याचा श्वास मोकळा."

मला एकदम काकूंची शेगडी आठवली.

त्या संध्याकाळी तिने मला जे सांगितले, त्यातले जेवढे समजले तेवढे लिहितो. पेट्रोल वाचवायचे, तर इंजिनाच्या श्वासाच्या दोन गोष्टी साधाव्या लागतात. एक, श्वास मोकळा हवा. दुसरी, आत आलेली हवा घुसळलेली हवी.

घुसळणीची गोष्ट फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी डुगाल्ड क्लार्क नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने एक सुंदर प्रयोग केला. हवा आणि गॅसचे मिश्रण सिलिंडरमध्ये घेतल्यावर त्याने ठिणगी न पाडता झडपा मिटून ठेवल्या आणि दट्ट्या काही वेळा नुसताच वरखाली होऊ दिला. आत शिरताना हवेत आलेली खळबळ तेवढ्यात निवाली. मग ठिणगी पाडली. तेच मिश्रण, तेच इंजिन. पण जळायला कितीतरी अधिक वेळ लागला. म्हणजे जाळ वेगाने पसरतो तो हवेच्या खळबळीमुळे. पुढे १९१९ साली इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने सिलिंडरच्या डोक्याचा आकारच असा बदलला, की दबताना हवा एका बाजूला उसळावी.

अण्णांचे बारीक जेट का फसले, ते मला इथे कळले. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असे पातळ मिश्रण वापरून बचत होते, ही त्यांची कल्पना खोटी नव्हती. पण पातळ मिश्रण सावकाश जळते. ते जळत असतानाच धूर बाहेर जायची वेळ होते आणि जाळ त्या वाटेवरच्या झडपेला भाजून काढतो. पातळ मिश्रण जाळायचे, तर आधी हवा जोराने घुसळायला हवी. जपानच्या होंडा कंपनीने १९९१ साली हेच केले. प्रत्येक सिलिंडरला हवा घ्यायच्या दोन झडपा. गाडी हळू चालत असली, की त्यांतली एक नावापुरतीच उघडायची. सगळी हवा एका बाजूने आत आली, की ती रवीने घुसळलेल्या ताकासारखी गरगर फिरते, आणि मग पातळ मिश्रणही झपाट्याने जळते.

"मग सगळ्यांनी तसंच का नाही केलं?" मी विचारले.

"धुरामुळे. पातळ जाळलं की नायट्रोजनचे विषारी वायू राहतात, आणि गाडीच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यांना आवरू शकत नाही. तो पेट्रोल आणि हवा अगदी काट्यावर तोललेली असतील तरच सगळं साफ करतो. धुराचे नियम कडक झाले तशी ही वाट अरुंद झाली. शिवाय वाट वाकडी केली की हवा फिरते छान, पण जोरात पळताना तीच वाट अपुरी पडते. एक द्यावं, एक घ्यावं. आमचा सगळा जन्म यातच जातो."

आणि विक्रेत्याची चकती? तिचे उत्तर फार सोपे निघाले. चकतीने हवा फिरवली तरी पुढची लांब नळी, वळणे आणि झडप ओलांडीपर्यंत ती गिरकी विरून जाते. घुसळण हवी ती झडपेच्या तोंडाशी. आणि तिथे पोचायचे, तर हेड नव्याने ओतावे लागते. पंधरा मिनिटांत पान्याने बसणारी ती गोष्ट नव्हे.

मोकळ्या श्वासाची गोष्ट त्याहून गमतीची आहे. १८८० च्या दशकात जेम्स ॲटकिन्सन या इंग्रजाने असे इंजिन केले, की त्याचा दट्ट्या श्वास घेताना थोडा खाली जाई आणि जाळ झाल्यावर अधिक खाली. म्हणजे घास लहान घ्यायचा, पण चावून चावून त्यातले सगळे सत्त्व काढायचे. त्याच्या दांड्यांची गुंतागुंत फार होती, म्हणून ते मागे पडले. पुढे अभियंत्यांना कळले, की दांड्या वाकड्यातिकड्या न करताही हे साधते. हवा आत घ्यायची झडप उशिरा मिटली, की झाले. दट्ट्या वर येऊ लागला, की घेतलेल्या हवेतली थोडी तो परत नळीत लोटतो. ताटात जास्त आलेला भात आपण पहिल्या घासाआधीच काढून ठेवावा, तसे. मग ताकद कमी करायला गळा आवळायची गरज उरत नाही. दार पुष्कळसे उघडे ठेवता येते. टोयोटाची प्रियस ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आली ती याच तऱ्हेचे इंजिन घेऊन. अशा इंजिनाला जोर जरा कमी असतो, तो विजेची मोटर भरून काढते. २००१ साली बीएमडब्ल्यूने आणखी एक युक्ती केली. थ्रॉटलचे दार उघडेच ठेवायचे आणि झडपच कधी पाव मिलिमीटर, कधी साडेनऊ-दहा मिलिमीटर उचलायची. जेवढी भूक तेवढाच घास, पण गळ्याला हात नाही.

अण्णांच्या गाडीसारखी जुनी इंजिने पेट्रोलमधल्या उष्णतेचा फार तर पाव भाग चाकांच्या कामी लावीत, आणि तोही सगळे मनासारखे जुळून आले तर. २०१५ सालच्या प्रियसच्या इंजिनाने शंभरातले चाळीस भाग गाठले. तेल तेच, हवा तीच; अंतर पडले ते पुष्कळसे श्वासात.

आता हे सगळे वाचून कोणी विचारील, आमच्या गाडीचे काय करायचे? नवे हेड तर कोणी ओतून देणार नाही. मी पुतणीला हेच विचारले. तिची उत्तरे निराश करण्याइतकी साधी आहेत. इंजिन कुरकुरणार नाही इतपत वरचा गिअर लवकर टाकावा. फेरे कमी झाले, की तेवढ्याच कामाला दार अधिक उघडते आणि श्वास मोकळा होतो. ताशी पन्नासच्या आसपास एका चालीने जावे. टायरमध्ये हवा नीट ठेवावी. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हवेची जाळी धुळीने भरली, की पेट्रोल जास्त जाते, तेव्हा ती झटकावी. नव्या गाड्यांत यंत्रच पेट्रोल मोजून सोडते, त्यामुळे तिथे मळलेल्या जाळीने ॲव्हरेजपेक्षा जोर कमी होतो. आणि दारावर चकती विकायला कोणी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

तिच्या विभागातली निम्मी माणसे आता विजेच्या मोटारींकडे गेली आहेत. विजेच्या गाडीला श्वास नसतो, झडप नसते, धूर नसतो. मी तिला विचारले, "तुला वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटतं थोडं. पण अजून कितीतरी वर्षं लोक पेट्रोलच्या गाड्या चालवणार. तेवढी वर्षं त्या कमी पितील, कमी धूर सोडतील, तर माझं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही." अण्णांची वही तिने मागून घेतली. तिच्या कचेरीच्या टेबलावर ती आहे, असे ऐकतो.

मला मात्र त्या वहीतला एकच आकडा राहून राहून आठवतो. छत्तीस लिटर. अण्णा कंजूष नव्हते. आमच्या सगळ्या भावंडांच्या फिया त्यांनी भरल्या, आणि त्याचा हिशेब कधी कोणाला दाखवला नाही. त्यांची समजूत एवढीच होती, की काटकसर म्हणजे आवळणे. जेट आवळा, पाय आवळा, येणेजाणे आवळा. आपल्या पुष्कळशा घरांची समजूत अशीच असते. महिनाअखेर आली, की आपण जे आवळता येईल ते आवळतो, आणि पुष्कळदा जे आवळतो त्यातूनच घर श्वास घेत असते. काकूंची काटकसर वेगळी होती. पातेल्यावर झाकण असे, एका आचेवर दोन पदार्थ होत, शेगडीचे तोंड नेहमी झटकलेले असे. पण घरात आलेला माणूस जेवल्यावाचून परत गेला नाही. वाया काही जाऊ द्यायचे नाही आणि अडवायचेही काही नाही, ही त्यांची रीत होती. पुतणीचे इंजिन याच रीतीने चालते.

दिवाळी आली आहे. भाऊबीजेला कोणाची बहीण दूर असेल, कोणाच्या आईला आणायचे राहिले असेल. गाडी किती देते, हे अवश्य विचारावे; वहीही ठेवावी. हिशेब ठेवणे वाईट नाही. मात्र टायरमध्ये हवा भरून घ्यावी, वरच्या गिअरमध्ये एका चालीने जावे, आणि जायचे असेल तिथे याच वर्षी जाऊन यावे.